तळं उपलब्ध नाही

मी झोम्बाच्या संस्थेत हिशेब लिहितो,
सत्तावीस वर्षं झाली.
संशोधन मला कळत नाही, रकाने कळतात.

टावोंगा न्यिरेंडा पहिल्यांदा आली
तेव्हा तिच्या अर्जात होतं:
सायकल एक, बर्फाची पेटी एक,
रबरी बूट दोन जोड, कारण एक चिखल खातो,
चाळण्या, काचपट्ट्या,
आणि अगदी तळाशी, लाजल्यासारखं,
स्वतःचं विद्यावेतन.
म्हटलं, हे वर घे, मुली.
म्हणाली, वर घेतलं की आधी कापतात.

तीन वर्षांची फेलोशिप मिळाली तिला.
चिल्वा तळ्याच्या लव्हाळ्यात कंबर मोडून
ती गोगलगायी मोजायची.
गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात,
हिच्या पोटात किडा.
तो पाण्यात सुटतो, पोहणाऱ्या पोराच्या कातडीतून शिरतो,
मग पोराला लघवीतून रक्त जातं.
काचुलूच्या धक्क्यावर पोरं त्याला
वयात येणं समजतात.
मीही समजलो होतो. तिला कधी सांगितलं नाही.

महिनाअखेरीस पावत्या आणायची,
माशांचा वास मारणाऱ्या.
नावाड्याची सही म्हणजे अंगठा.
एकीवर नुसतं: अंडी, तीस.
नमुना देणाऱ्या पोरांना.
अंड्यांना रकाना नव्हता.
मी ती 'प्रयोगशाळा, किरकोळ'मध्ये बसवली.
सत्तावीस वर्षांत एवढीच लबाडी.
नाही, दोनदा केली.

दुसऱ्या वर्षी तळं आटलं.
सगळंच.
होड्या भेगाळल्या मातीवर कलंडल्या,
सायकलवाले तळ्याच्या मधून बाजाराला जाऊ लागले.
कोळी मालोम्बेकडे गेले.
लांबच्या शहरातून पत्र आलं:
दुसऱ्या टप्प्याचे नमुने कुठे आहेत?
मी उत्तर टाइप केलं: तळं उपलब्ध नाही.
ती वाचून हसली,
मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मुदतवाढ मागितली. मिळाली,
बिनपैशाची.
म्हणजे काम करायचं आणि जेवायचं नाही.
रात्रशाळेत गणित शिकवून ती पहाटे
कुदळ घेऊन तळ्यात जायची.
तिच्या तुकडीतला लुसुंगू औषधकंपनीत लागला,
आता त्याच्याकडे गाडी आहे.
झिओने जोहान्सबर्गला गेली,
परत येईन म्हणाली, तारीख सांगितली नाही.

एका दुपारी टावोंगानं
माझ्या टेबलावर मातीचं ढेकूळ ठेवलं,
हातभर खोलीवरचं.
बशीत पाणी ओतून ते बुडवलं. थांबा, म्हणाली.
मी चहा प्यायलो, चार व्हाउचरं तपासली,
एकाची बेरीज चुकली होती.
ढेकूळ विरघळलं. एक शंख सुटला,
तोंडाशी कागदासारखा पापुद्रा.
तो फाटला, आणि एक शिंग
इकडेतिकडे चाचपत बाहेर आलं.

हे मेले नव्हते, ती म्हणाली.
तळं येईल तेव्हा आधी हे उठतील.
पोरं पोहायला येण्याआधी मला ते मोजायचे आहेत.

मधल्या काळात यांना कोण पोसतं?
मी सवयीनं विचारलं.
कोणीच नाही. थोडं थोडं
स्वतःलाच खातात.
ती बशीकडे पाहत होती.
तिच्या बुटांना तळ नव्हते.

नवा अर्ज आम्ही दोघांनी भरला.
पहिल्या ओळीत मी विद्यावेतन लिहिलं,
पूर्ण, घरभाड्यासकट.
तिसऱ्या ओळीत: अंडी, तीनशे साठ.
तिनं पेन उचललं,
खाली ठेवलं.

निकाल नोव्हेंबरात आहे.
जमाखर्चाची तोंडमिळवणी अजून होत नाही.
बशी माझ्या खिडकीत आहे.
पाणी मी बदलतो,
चमच्यानं, हात न लावता.