गालात सुपारी

मानेवाड्याच्या सिमेंट रस्त्याची कड
आणि खालच्या गट्टूंची ओळ,
यांच्यात चार बोटांचं अंतर आहे.
पानठेल्यावर कोण उभं आहे ते बघण्याच्या नादात
ते मी डाव्या मागच्या चाकानं मोजलं.

आवाज फारसा झाला नाही.
सकाळी कुंड्यांना पाणी घालताना दिसला
टायरच्या बाजूला फुगा.
म्हाताऱ्यानं गालात सुपारी धरावी
आणि विचारलं की म्हणावं, कुठं काय?

इद्रिसभाईनं बोट लावलं, दाबलं नाही.
"पंक्चर असतं तं धा मिनिटात काढून देतो.
हे आतले तार तुटले न साहेब.
बाजूच्या भिंतीले पॅच नसते.
कवा फुटन सांगता येत नाही.
पन फुटन."

तेहेतीस वर्षं मी डिफेन्सच्या फॅक्टरीत तपासनीस.
हातात गेज, टेबलाशी दोन पेट्या,
एक हिरवी, एक लाल.
तिसरी पेटी नव्हतीच.
दिवसाला चारशे नग,
आणि एकाही नगानं मला रात्री उठवलं नाही.

आता एका टायरपायी तीन दुकानं झाली,
मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून, स्कूटरवर.
मुंदडा म्हणाले, चारही बदला, भाव वाढून राहिले.
सदरच्या पोरानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
एकाचे पाच हजार आठशे, नायट्रोजन फुकट.
कामठी रोडवर एकानं रिमोल्ड दाखवला,
जुन्या अंगावर नवी नक्षी.
"ओळखू येते का, सांगा?"
नाही आली.
तेवढ्यासाठीच नको म्हटलं.

मग आठवली स्टेपनी.
डिकीतल्या चटईखाली, घेतली तशीच,
रबराचे बारीक केससुद्धा शाबूत,
जमिनीला कधी टेकलेली नाही.
अंगणात काढली, टिचकी मारली, खूश झालो.
मग चष्मा लावून चार आकडे वाचले.
पंचविसावा आठवडा, सन पंधरा.
कुठ्ठं गेली नाही,
तरी वय झालं.
खाचेच्या तळाशी केसाएवढी भेग,
आणि माझा हात आपसूक खिशाकडे,
लाल खडू शोधत.

केतकी फोनवर:
"बाबा, एवढं काहून करून राहिले?
स्टेपनी लावा न. भंडाऱ्यापर्यंत तं जायचं आहे."
भंडाऱ्यापर्यंत.
सोमवारी पहाटे, मौद्याजवळ ट्रकांची रांग,
काटा शंभरवर,
मागच्या सीटवर तिचं पोरगं झोपलेलं.
मी म्हणालो, पाहू.
ती हसली. "पाहू म्हणजे तुमचं ठरलं."

ठरलं होतं.
दोन घेतले, मागची जोडी.
भाव विचारण्याआधी तारीख विचारली,
पोरगा उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात वाचत गेला,
मी पुन्हा स्वतः वाचली.
उजवा मागचा अजून बरा होता,
रुपयाचं नाणं खाचेत बऱ्यापैकी बुडत होतं;
त्याला बढती नाही, पण डिकीत जागा दिली.

"जुन्याचे दीडशे कटवतो," दुकानदार म्हणाला.
मी नाही म्हणालो. टायर रिक्षात घालून
इद्रिसभाईकडे नेला. सुरी मागितली.
फॅक्टरीत लाल पेटीतला माल
कापल्याशिवाय गेटबाहेर जात नसे.
तोच उद्या कुणाला तरी
चालू म्हणून विकला गेला असता.

रबर चिवट. घाम डोळ्यात.
फुगा उघडला तर आत तार नव्हेत,
दोरे होते, पांढरे, तुटलेल्या टोकांचे.
गोळीबार चौकात बाप मागावर बसायचा,
ताण्यातला दोरा तुटला की
ओल्या दोन बोटांनी गाठ मारायचा,
आपल्याला दिसायच्या आत.
मी उगाच दोन टोकं चिमटीत धरून पाहिली.

"दीडशे गेले न साहेब," इद्रिसभाई म्हणाला.

गेले, म्हटलं,
आणि सुरी पुसून त्याला परत दिली.