बद्द आवाज

छपरावर चढवण्याआधी
प्रत्येक पाटी मी बोटाच्या पेराने ठोकून बघतो.
खणखणीत वाजली तर चढते.
बद्द वाजली की समजायचं, आत तडा आहे,
वरून कितीही काळीभोर, गुळगुळीत दिसू दे.
फेस्तिन्योगमधली पोरंसोरंही हे जाणतात.
गाव दगडाचं, पोटही दगडावरच.

लाउरीही ठोकून बघते. माणसांच्या पाठी.
खाणीत धूळ गिळलेल्या म्हाताऱ्या इडवलची पाठ
तिने इतक्यांदा वाजवलीय
की तो म्हणतो, डॉक्टरबाई, आता एखादी चाल तरी बसवा.
लग्नाआधी आम्ही यावर पुष्कळ हसायचो.
दोघांचा धंदा एकच.

मार्चमध्ये एक मुलगा गेला. सहा वर्षांचा.
चौकशी झाली. दोष कुणाचाच नाही, असं पत्र आलं.
तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली,
म्हणाली, दोष निघाला असता तर बरं,
कुठे ठेवायचा ते तरी कळलं असतं.
आणि सोमवारी सकाळी साडेआठला
दवाखाना उघडला.

त्यानंतर घरात काही मोडलं नाही.
भांडण नाही, रडणं नाही.
फक्त ती पावाला लोणी लावायला घ्यायची
आणि लावतच राहायची.
रात्री तीनला जिन्यावर बसलेली असायची, कोट घालून,
फोन आलेला नसताना.
विचारलं की म्हणायची, दमलेय.
हा शब्द आमच्या घरात मिठासारखा झाला,
सगळ्यात थोडा थोडा.

जूनमध्ये शाळेतून निरोप आला:
इवानचं अंग तव्यासारखं तापलंय, सकाळपासून.
का नाही सांगितलंस रे?
म्हणाला, आईला घरी पण पेशंट नको.
नऊ वर्षांचं पोर.

त्या रात्री जिन्यावर तिच्यामागे बसून
मी तिच्या पाठीवर बोट ठोकलं.
गंमत म्हणून नाही. तिने ते ओळखलं.
बराच वेळ गप्प राहिली, मग विचारलं,
कशी वाजते?

मी खोटं बोललो नाही.

गावातल्या डॉक्टरकडे जाता येईना;
गावातली डॉक्टर तीच.
शेजारच्या गावात खिडकीवर तिची मावसबहीण.
म्हणून डोंगर ओलांडून बालाला गेलो.
फॉर्मवर व्यवसायाच्या जागी तिने लिहिलं, डॉक्टर.
खोडलं.
लिहिलं, छपरं शाकारणाऱ्याची बायको.
तेही खोडलं.
मग भिंतीवरची पोस्टरं वाचत बसली.
बावीस वर्षांत, म्हणाली, ही या खुर्चीवरून वाचलीच नव्हती.
नाव पुकारलं. ती उठेना.
मला वाटलं, घाबरली.
ती सवयीने
दुसरं कोणी उठण्याची वाट बघत होती.

ती आत पाऊण तास.
मी बाहेर, समोरच्या दुकानाचं छप्पर बघत.
तिसऱ्या ओळीत एक पाटी निसटलेली.
तेवढ्यासाठी सगळं छप्पर उतरवत नाहीत,
तांब्याची एक पट्टी वाकवून तिला धरून ठेवतात.
पट्टी खालून दिसते. दिसू दे.

डोळे लाल घेऊन ती आली.
पुढच्या गुरुवारी पुन्हा, म्हणाली, आणि भूक लागलीय.
गाडीतून इवानला फोन लावला, ताप आहे का रे?
नाही म्हणाला.
फोन ठेवणार तेवढ्यात
अडखळत म्हणाला, पण आई,
घसा थोडा दुखतोय.
तीन वाजल्यापासून.