दीड मिलिमीटर

स्ट्रुअनचं माप मी स्वयंपाकघराच्या दारात घेतलं.
पाठ चौकटीला, पाय अनवाणी,
डोक्यावर पावाची सुरी आडवी.
पोस्टमन माणूस, उभं राहायची सवय,
तरी चुळबुळत होता.
डावा पाय उजव्याहून एकोणीस मिलिमीटर आखूड.
"वीस लिही," म्हणाला, "हिशेबाला सोपं."
मी एकोणीसच लिहिले.
मापात पाप नको.

तीन वर्षांपूर्वी वरच्या जंगलातून
भाड्याची सायकल त्याला टाकून एकटीच खाली आली होती.
तेव्हापासून तो चालतो तसा चालतो.

मी बत्तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत माग दुरुस्त केले.
ट्वीडकाठच्या त्या गिरणीत आता लोक राहतात.
जिथे माझी पान्यांची फळी होती
तिथे कुणाचा तरी बाथटब आहे.
लोखंडाची रीत मला ठाऊक:
आधी कुरकुरतं, मग वाकतं, मग तुटतं.
माणसांत हा क्रम कुणी पाळत नाही.

नळीला नळी बसावी म्हणून
तोंड कानसत राहायचं,
फटीतली उजेडाची रेघ मिटेपर्यंत.
मग ज्योत, मग पितळ;
बोलावल्यासारखं ते सांध्यात शिरतं.
डावा क्रँक आखूड केला, खोगीर खाली घेतलं.
पण खरी गंमत मागच्या त्रिकोणात.
तो पुढच्याला घट्ट बांधलेला नसतो,
बिजागरीवर झुलतो,
मध्ये पंजाएवढा शॉक, पोटात नुसती हवा.
बिजागरी दोन बोटं वर गेली
तर पेडलला चेनचे हिसके बसतात,
खाली गेली तर चढावर गाडी
डबक्यातल्या म्हशीसारखी बूड टेकते.
सात रात्री मी पुठ्ठ्याचे त्रिकोण
टाचण्यांवर फिरवून बघितले.

आणि एवढं करून
भोक दीड मिलिमीटर पुढे पडलं.
दोष ड्रिलचा नव्हता.
नदीवर बगळा उतरला म्हणून मी मान वर केली,
इतकंच.

कुणाला बोलले नाही.
"लाल सोडून कुठलाही रंग," तो म्हणाला होता,
लाल व्हॅनमध्ये त्याचा जन्म गेला.
बहिणीच्या बोटीचा उरलेला निळा मारला.

रविवारी धुकं.
तो पुढे, मी मागे माझ्या जुन्या सायकलवर,
नजर त्याच्या मागच्या चाकावर खिळलेली.
स्प्रूसची ओली मुळं
चाक एकेक करून गिळत गेलं.
वरचा स्ट्रुअन हललाच नाही,
हातात भरलेला कप असल्यासारखा.
दोन्ही गुडघे सारखे वर येत होते.
हे मी पाहिलं. हे मला पाहायचं होतं.
वळणावर मी चिखलात आडवी झाले
आणि तशीच हसत उठले.

मग दगडी पायरी, छातीएवढी उंच.
तो थांबला नाही.
शॉक तळाला गेला
आणि मला ऐकू आलं: झर्र.

खाली उतरून त्याने सायकल उलटी केली.
निळ्या नळीवर टायरचा काळा ओरखडा.
"हे काय?"
"दीड मिलिमीटर," मी म्हटलं. "बगळा."
तो बराच वेळ ओरखड्यावर बोट फिरवत राहिला.
"राहू दे. तळ लागला की कळेल तरी.
मागच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं."

राहू दे म्हणणं सोपं असतं.
मंगळवारी तो टपाल वाटत होता,
तेव्हा मी त्याच्या शेडमधून गाडी उचलली,
नळी तापवली,
गोल हातोडीने नखाएवढा खळगा पाडला.
रंग जुळला नाही, तेवढं नीट दिसतं.

त्याने विषय काढला नाही.
गुरुवारी दारातून एक पाकीट पडलं,
रिकामं.
माझं नाव, एल्स्पेथ, एक अक्षर चुकवून.
वर पक्ष्याचं तिकीट.
बगळा नाही, कुठलासा समुद्रपक्षी.
त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही.