बाटलीमागे

आमच्या घरात भिंतीला अकरा खिळे होते,
बाबांनी मोजून ठोकलेले.
हिवाळ्यात अकराच्या अकरा खिळ्यांना सलाईन लटकायचं.
खाली तापलेल्या विटांच्या ओट्यावर
म्हातारी माणसं, एक बाही वर सारून,
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली.
सर्दी असो, कंबर असो,
की मुलगा नववर्षाला येणार नाही
म्हणून आलेला अशक्तपणा.

गान्सूच्या पिवळ्या मातीच्या डोंगरात
छी यूनहे यांच्या हाताला गुण होता, म्हणत.
गुण बाटलीत होता:
बाटलीमागे दीड युआन, सुईमागे अर्धा,
आणि बसवून, नाडी पाहून
"तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा"
असं सांगण्याचे
शून्य.
वही मी लिहायची. नवव्या वर्षी मला
मिठाच्या पाण्यावरचा नफा तोंडपाठ होता.
माझी फी, माझे बूट, आईचा सोन्याचा दात,
सगळं त्या नळीतून थेंबाथेंबाने उतरलं.

बाबा वाईट नव्हते. लिहून ठेवते,
कारण पुढे जिल्ह्याच्या साहेबांनी तक्त्यात
त्यांच्या नावापुढे लाल खूण केली.

मग फर्मान आलं:
औषध ज्या भावात घ्याल त्याच भावात द्या.
पैसे आता डोक्यामागे, वर्षाला ठरलेले,
डोकं दुखो न दुखो.
बाबांनी पक्कड घेतली, एका रात्रीत नऊ खिळे उपटले.
सकाळी म्याव आजी आली, बाही वर सारूनच.
गरम पाणी प्या, थोडं चाला, बाबा म्हणाले.
ती दारातच थांबली.
"यूनहे, माझं काही चुकलं का?"

उरलेल्या दोन खिळ्यांपैकी एकाला कॅलेंडर होतं.
दुसऱ्याला, महिन्यातून एकदा, आजीची बाटली.
वहीत कुठे मांडू, मी विचारलं.
मांडू नकोस, म्हणाले.

आता मी लानचौच्या मोठ्या इस्पितळात
सातव्या मजल्यावर, बिलांच्या खात्यात.
इथे खिळे नाहीत, संकेतांक आहेत.
दर आजाराला ठोक रक्कम:
निमोनियाला एक,
'गुंतागुंतीच्या' निमोनियाला बरीच मोठी.
त्या एका शब्दासाठी डॉक्टर मंडळी
दुपारी माझ्या टेबलाशी येतात, संत्री घेऊन.
रक्कम अकराव्या दिवशी संपते.
बाराव्या दिवशी रोगी बरा असतो,
म्हणजे कागदावर.

मार्चमध्ये बाबांना आणलं. फुफ्फुसं.
अकराव्या संध्याकाळी यादी आली, तिसरी ओळ:
छी यूनहे, सुधारणा, घरी पाठवावे.
खाली माझ्या सहीची जागा.

वर गेले. ते थेंब मोजत पडले होते.
"तुम्हाला किती सुटतात या बाटलीचे?"
काहीच नाही, बाबा. उलट,
तुम्ही जितके दिवस राहाल तितकं आमचं जातं.
त्यांनी छताकडे पाहिलं, मग बेरीज जुळावी
तशी मान हलवली.
"अस्सं. म्हणजे तेव्हा आजारी पडायची घाई,
आता बरं व्हायची."
हसता हसता खोकले. खोकला बराच वेळ चालला.

मी सही केली.
टॅक्सीत त्यांच्या गुडघ्यांवर गोधडी नीट केली
तेव्हा माझ्या पिशवीत दुसरा अर्ज होता,
परवाच्या तारखेचा,
नवा आजार, नवा संकेतांक, कोरे अकरा दिवस.
हे काम मला येतं.
नवव्या वर्षापासून येतं.