लहान हात

मे महिन्यात आमच्याकडे रात्र होत नाही.
सूर्य डोंगरामागे वाकतो, खाली पडलेलं काहीतरी शोधतो,
आणि न सापडताच वर येतो.
अशाच एका पहाटे, दोन की तीन वाजता,
बाबांनी मला हलवून उठवलं :
"स्टेनव्होर, हात दाखव."

मी नऊ वर्षांची. वाटलं, नखं तपासतायत.
त्यांनी माझा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहिला
आणि म्हणाले, "चल. माझा जात नाही."

मेंढवाड्यात चौऱ्याहत्तर नंबरची मेंढी
भिंतीला डोकं टेकून उभी होती.
कोपरापर्यंत साबण. मग कोपरापर्यंत ती.
बाहेर लख्ख.
अख्ख्या देशात अंधार शिल्लक असलेली
तेवढी एकच जागा असावी त्या वेळी,
आणि तिथे माझा हात होता.

"काय लागतंय?"
"ओलं."
"ते मलाही माहीत आहे. काय लागतंय?"
एक खूर. मग नाक. मग फट, फटीत जीभ,
आणि त्या जिभेनं माझं बोट चोखलं.

मी किंचाळले. बाबा हसले, "मग जिवंत आहे. दुसरा पाय?"
"नाहीये."
"जाईल कुठे? मागे मुडपला असेल.
डोकं जरा आत सार. ती कळ देईल तेव्हा थांब,
तिच्याशी भांडू नकोस."
कळ आली. माझं मनगट
दारात सापडल्यासारखं आवळलं गेलं.
मी भांडले नाही.
"आता खूर मुठीत घे. झाकून घे,
नाहीतर तिला आतून फाडेल."

ते कोकरू निघालं, शिंकलं,
आणि पिवळट, चिकट, रागावलेलं
गवतावर पडून राहिलं.

त्याच्यामागे आणखी एक होतं.
त्याच्याही तोंडात मी बोट घातलं.
वाट पाहिली.
बाबा काही विचारेनात.
मी अजून थोडी वाट पाहिली.

मग त्यांनी माझे हात स्वतः धुतले,
बोटं वेगवेगळी करून, एकेक.

नर्सिंगच्या प्रवेशाला विचारलं होतं, इकडे का यावंसं वाटलं?
मी लिहिलं, समाजाची सेवा.
सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

आता आकुरेरीच्या प्रसूती विभागात माझी एकतीस वर्षं झाली.
दर फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या शाळांतून
दहावीची मुलं एक दिवस येतात.
त्यांना द्यायला छापील पत्रक आहे :
किती वर्षं शिक्षण, किती पगार, किती जागा रिकाम्या.
मुलं ते दुमडून खिशात घालतात.
नंतर कचऱ्याच्या डब्यात मला बरीच सापडतात.

म्हणून मी पत्रक शेवटी देते.
आधी म्हणते, हात दाखवा.

रबरी पोट, रबरी बाळ. थंडगार असतं सगळं.
हाल्मुंडुर नावाच्या मुलानं यंदा विचारलं,
"खरं असतं तेव्हा गरम असतं का?"
त्याच्या बोटांवर सुरीचे बारीक काप,
सुट्टीत मासळीच्या कारखान्यात जातो म्हणाला,
आणि वास घालवायला चोळलेल्या लिंबाचा वास.
आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.
मी बाळ काढून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवलं.
दहा मिनिटं. पोरं कंटाळली. तो नाही.

मग त्यानं हात आत घातला
आणि मी न सांगता डोळे मिटले.
"डोकं," म्हणाला.
मी गप्प.
"नाही. थांबा."
मी थांबले. थांबणं मला येतं.
"डोकं इतकं मऊ नसणार. ही बसायची बाजू आहे.
उलटं आहे ना हे?"

उलटंच ठेवलं होतं मी. कुणाला सांगितलं नव्हतं.

तो पुढे काय करेल, ठाऊक नाही.
त्याच्या मामाची बोट आहे, कारखाना आहे,
पत्रक त्यानं घेतलं की नाही तेही मी पाहिलं नाही.
एवढंच पाहिलं,
हात बाहेर काढल्यावर
टॉवेल समोर असूनही
त्यानं तो लगेच पुसला नाही.