पस्तीस मिलिमीटर

जरीपटक्याच्या गॅरेजात प्रफुल मेश्रामनं
मागचं चाक साखळीनं अधांतरी टांगलं,
जुन्या लिंक काढल्या, वीतभरही नाहीत.
नव्या जराशा लांब.
"हाड लांबलं का गाडी खाली बसते, ताई.
उलटं वाटते, पण तसंच हाय."

मे महिना. पाना हातात धरवेना,
त्यानं तो कूलरच्या पाण्यात बुडवून घेतला.
पुढचे फोर्क दहानं वर सरकवले;
नाहीतर नाक वर करून पळते, म्हणाला.

अकरा वर्षं व्हरायटी चौकाच्या सिग्नलला
मी एका अंगठ्यावर उभी,
दोनशे किलो मांडीशी तोलून,
आणि मागून कुणीतरी:
काहून बाप्पा, पुरतेत का पाय?

आज टाच टेकली.
दोन्ही.

"आता ब्रेकरवर सांभाळा, खालून घासन.
जमीन जवळ आली
म्हंजे तिचंबी ऐका लागते."

साइड स्टँड मात्र लांब उरला होता.
गाडी कलेना, वाऱ्यानंही पडेल अशी ताठ.
तो कापून पुन्हा वेल्ड केला.

कापलेला तुकडा मी मागून घेतला.
कन्हान ओलांडली तरी
खिशात कोमट होता.