शेऱ्याचा रकाना

अंबाझरीच्या सांडव्याखाली
रबरी होडी पाण्यात सोडली तेव्हा
सकाळचे सात वाजले होते.
तिथं पाणी अजून पाण्यासारखं होतं,
तारेवर एक खंड्या,
आणि अंभोऱ्याहून आलेला उकंडा मारबते
वल्हं मांडीवर आडवं टाकून
खर्रा घोटत बसलेला.

माझं काम साधं.
दर पन्नास मीटरला पट्टी बुडवायची,
आकडा लिहायचा.
खोली, रुंदी, अडथळे, शेरा.
छापील तक्ता, कंत्राटी पगार,
गळ्यातल्या ओळखपत्रावर माझाच जुना फोटो.

पहिल्या पुलापर्यंत आम्ही बोलत होतो.
मग वास आला,
आणि बोलायचं तर तोंड उघडावं लागतं
हे लक्षात आलं.
"नाकाले बांधा बाई काहीतरी,"
स्वतः काहीच न बांधता उकंडा म्हणाला.

पुढे दोन भिंतींच्या मधून
काळं, जाड, सावकाश असं काहीतरी
आमच्यासाठी जरा सरकून जागा करत होतं.
वल्ह्याला पन्नी लागली, पन्नीमागून साडी,
साडीमागून आख्खी गादी, भिजून म्हशीएवढी.
उकंडानं ते ओढलं नाही.
लेकीच्या केसांतला गुंता सोडवावा
तसं बोटांनी एकेक मोकळं केलं
आणि हात पाण्यात धुवायला नेला,
मग थांबून पँटला पुसला.

"नाव असं कसं ठेवलं?" मी विचारलं.
"माह्या आधीचे तीन गेले जी.
म्हून मायनं मले उकिरड्यावर लोळवलं न् उचललं.
घाणीतलं यमबी नेत नाही म्हणे."
आणि हसला. दात लाल.

पुलाखाली संक्रांतीचा मांजा
सप्टेंबरातही लोंबत होता.
मी मान खाली घातली
तेवढ्यात वरून धप्प.
होडीत थैली.
वर स्कूटरवाला, हात जोडलेले, डोळे मिटलेले.
डोळे उघडून पाहतो तर
खाली आम्ही दोघं, त्याच्या झेंडूंसकट.
त्याला काही सुचलं नाही. किक मारून गेला.
थैलीत राख, तुळस, चौकटीतली लक्ष्मी,
काच तडकलेली.
मी ती पाण्याकडे सरकवली, सवयीनं.
"राहू द्या," उकंडा म्हणाला,
"एकडाव झाली तिची फेकाफेक."

आम्ही लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून
मारबतीच्या मागं ओरडायचो,
ताप ने, खोकला ने,
तिमाही परीक्षा ने.
कुठे ने, हे नव्हतो सांगत.

जगनाडे चौकाच्या पुढचा पूल
लांबून दिसला तशी मी तक्त्यात डोकं घातलं.
बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
याच कठड्यावरून
औषधांची थैली मी सोडली होती.
इनहेलर, अर्ध्या पट्ट्या,
आणि सात खणांची ती प्लास्टिकची डबी,
गुरुवारपर्यंत रिकामी.
शुक्रवारच्या गोळ्या आत वाजत होत्या पडताना.
घरात ठेवता येत नव्हती.
कचऱ्याच्या गाडीत टाकवत नव्हती.
नदी म्हटलं की बरं वाटलं होतं, एवढंच.

पट्टी सोडली.
दीड मीटर. मग मऊ.
मग आणखी मऊ.
हात कोपरापर्यंत आत जाईल
म्हणून मी थांबले.
"लागला?"
"नाही."
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गाळ. तळ लागला नाही.
रकाना लहानच असतो.

पारडीला होडी वर ओढली तेव्हा ऊन चढलं होतं.
तिच्या पोटाला चिकटून
कोणाचा तरी पहाड्यांचा तक्ता आला होता,
बे ते तीस, अक्षर न अक्षर शाबूत.
उकंडानं खर्रा संपवला.
रिकामी पन्नी चिमटीत धरून
नदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

"आज तुमी हा म्हून," म्हणाला.